‘मराठीची बोली’ : एका षष्ठीची तपासणी

मराठीच्या बोलींवरील प्रकरण नाही असा पाठ्यग्रंथ विद्यापीठीय अभ्यासक्रमात सापडणे कठीण. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी अशा क्रमाने एकेक परिच्छेद येतो आणि प्रमाण मराठीतील रूपाचे बोलीत काय ‘होते’ ते सांगितले जाते. ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. या ‘होतो’मध्येच सारा सिद्धान्त दडलेला आहे : आधी प्रमाण भाषा, मग तिचा बिघाड. ऐतिहासिक भाषाविज्ञानाने हा क्रम केव्हाच मोडीत काढला. मराठीच्या अध्यापकवर्गाला मात्र तो अजून सोडवत नाही.

या सिद्धान्ताची कसोटी पाहायची तर नंदुरबार जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण नाही. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अहिराणी, गुजर बोली, मावची, देहवाली, पावरी आणि मराठी रोजच्या व्यवहारात एकमेकींशेजारी नांदतात. त्यांतील अहिराणीचेच पाहा. ‘माझा भाऊ’ला ती ‘मना भाऊ’ म्हणते. षष्ठीला -ना, -नी, -नं, सप्तमीला ‘घरमा’, अस्तित्ववाचक क्रियापद ‘शे’, वर्तमानकाळी ‘तो करस’, ‘त्या करतस’. हे ध्वनींचे किरकोळ फेरफार नव्हेत. ही रूपव्यवस्थाच निराळी आहे. -ना आणि -मा पाहून काहींना लगेच गुजराती आठवते. पण गुजरातीतील -नोचा ओकार येथे नाही. पुल्लिंगी आकार मराठीसारखाच आहे. म्हणजे ‘गुजरातीची बोली’ हे उत्तरही पहिल्याइतकेच आळशी ठरते.

ग्रियर्सनने १९०७ च्या खंडात खानदेशीला भिल्ली भाषांसोबत बसवले, मराठीच्या खंडात नव्हे. जनगणनेतही अहिराणी ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली मोजली जाते. २०११ साली तिची संख्या १८,६०,२३६ भरली. मावची आणि पावरी ‘भिली/भिलोडी’खाली जातात. म्हणजे सरकारी दफ्तरात जी मराठी नाही ती मराठीच्या वर्गात मात्र मराठीची बोली! या विसंगतीने कुणाची झोप उडाल्याचे दिसत नाही. (जनगणनेची वर्गवारी निर्दोष आहे असे नव्हे, वारलीही तिने भिलीतच घातली आहे.)

नावांचा घोटाळा तर थेट समीक्षेत शिरतो. बहिणाबाई चौधरींची भाषा सर्रास अहिराणी म्हणून सांगितली जाते. ती लेवा बोली आहे. ‘मले’, ‘तुले’मधील -ले आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ या दोन गोष्टी समान दिसल्या की समीक्षक तेथेच थांबतो. षष्ठी तपासत नाही. लेवा बोलीत ती मराठीप्रमाणे -चा आहे, अहिराणीत -ना. एका प्रत्ययाने मिटणारा प्रश्न १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाल्यापासून घोळत राहावा, यात दोष बोलीचा नाही.

क्रोएशियन भाषेच्या अभ्यासकांनी आपल्या तीन बोलींना ‘काय’ या प्रश्नार्थक सर्वनामावरून नावे दिली : श्टोकाव्हियन, काय्काव्हियन, चाकाव्हियन. आपल्याकडे नावे जातींची आणि जमातींची : लेवा, गुजर, मावची, पावरी. बोलणाऱ्याची जात कळली की बोली कळली, अशी ही सोय आहे. काय्काव्हियन शेजारच्या स्लोव्हेनियनला अधिक जवळची असूनही क्रोएशियनच मानली जाते, हा निर्णय व्याकरणाचा नव्हे, इतिहासाचा आणि इच्छेचा. तेव्हा अहिराणीला मराठीच्या परिवारात ठेवायला हरकत नाही. मात्र ती इच्छा आहे, भाषावैज्ञानिक सिद्ध गोष्ट नव्हे, एवढे कबूल करावे. आणि ती इच्छा कुणाची, हेही विचारावे.

इच्छेबरोबर जबाबदारीही येते. मारुलिच यांचे १५२१ साली छापलेले ‘युदिता’ हे चाकाव्हियनमधील काव्य तिथे साहित्येतिहासाच्या आरंभी ठेवले जाते, ‘बोलीसाहित्या’च्या परिशिष्टात नव्हे. क्रलेझा यांनी १९३६ साली काय्काव्हियनमध्ये संपूर्ण काव्यसंग्रह लिहिला. मराठी कथा-कादंबरीत मात्र निवेदन बहुधा प्रमाण भाषेत आणि बोली पात्राच्या तोंडी. मग समीक्षक ‘अस्सल मातीचा गंध’ हुंगून मोकळा होतो. ज्या भाषेत विचार करू दिला जात नाही, तिचा फक्त वासच घेता येतो. वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’मध्ये भिली कविता आणि तिचे मराठी रूप शेजारीशेजारी ठेवले, चर्चा मात्र मराठी रूपाची झाली, तीही विद्रोहाच्या आशयापुरती. भिली पानावरच्या लयीबद्दल बोलण्याइतकी भिली किती समीक्षकांना येते?

दुसऱ्या टोकाला ‘स्वतंत्र भाषा’ अशी घोषणा देणारे आहेत. त्यांचा अभिमान समजण्यासारखा आहे. पण अहिराणीचा अभिमान मिरवणाऱ्या मंडळींनीही धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील पावरी आणि देहवालीला ‘आदिवासी बोली’ या एकाच पोत्यात कोंबावे, हे त्यांनी मराठीकडूनच उचललेले दिसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. प्राचीनतेच्या पुराव्यांची मांडणी करताना लोकभाषांचा उल्लेख मोठ्या प्रेमाने होतो. त्याच वेळी धडगावच्या शाळेत पावरी बोलणारे मूल पहिलीत येते आणि त्याच्या हातात पडणारे मराठी पुस्तक मातृभाषेचे म्हणूनच तयार झालेले असते. ते मूल अडखळले, तर नोंद त्याच्या अप्रगतपणाची होते. पुस्तकावरील ‘मातृभाषा’ या शब्दाची तपासणी कुणी करीत नाही.