मोहगावची शाळा आणि मराठीचा अभिमान

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली स्वतःच्या बळावर एक शाळा सुरू केली. आपल्या मुलांना आपल्या गोंडी भाषेतून शिकवावे, एवढाच तिचा हेतू होता. 2022 मध्ये शिक्षण खात्याने ही शाळा अनधिकृत ठरविली आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. बडगा उगारला गेला तो शिक्षण हक्क कायद्याचा. याच कायद्याच्या 29 व्या कलमात शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे, असे लिहिलेले आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, हे तर घटनेच्या 350 अ कलमात 1956 पासूनच आहे. राज्याने सहा दशकांत जे केले नाही ते एका खेड्याने केले, आणि अपराधी ठरले ते खेडे!

2025 साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा महाराष्ट्र खवळून उठला. कोवळ्या वयात मुलावर परकी भाषा लादू नये, आधी मातृभाषा पक्की होऊ द्यावी, हा युक्तिवाद सर्व पक्षांच्या व्यासपीठांवरून ऐकू आला. तो बिनतोड होता आणि जूनअखेर सरकारला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. परंतु भामरागडच्या माडिया मुलाला किंवा धारणीच्या कोरकू मुलाला पहिलीत पाऊल टाकताच जी मराठी भेटते, ती त्याच्या दृष्टीने कोणती भाषा असते? मास्तर काय बोलतात हे न कळता वर्ष-दोन वर्षे गप्प बसावयाचे, मग नापास व्हावयाचे किंवा गुरांमागे निघून जावयाचे, आणि सरकारी अहवालात ‘शिक्षणाविषयी अनास्था’ म्हणून नोंदले जावयाचे. मुंबई-पुण्याच्या मुलासाठी जो युक्तिवाद खरा, तो सातपुड्यात आणि इंद्रावतीकाठी खोटा कसा ठरतो?

भाषेचे भवितव्य तिच्या बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरते, असे सांगितले जाते. ते अर्धसत्यच आहे. 2011 च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीवर होते आणि गोंडी बोलणारे सुमारे तीस लक्ष. या दोहोंना आठव्या परिशिष्टात स्थान नाही. बोडो बोलणारे पंधरा लक्षांच्या आत असूनही तिला 2003 च्या घटनादुरुस्तीने ते मिळाले. बोडोंच्या मागे दीर्घ लढा होता आणि तो न्याय्यच होता. परंतु गोंडांचे दुर्दैव असे की भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा त्यांच्या मुलुखाचे तुकडे मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्र, ओरिसा यांच्यांत वाटले गेले. ज्या तत्त्वाने मराठी, तेलुगू, कन्नड यांना राज्ये दिली, त्याच तत्त्वाच्या अंमलबजावणीत गोंडी प्रत्येक राज्यात अल्पसंख्य झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावयास हवा.

लहान भाषांची दशा तर याहून बिकट. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात निहाली बोलणारे दोन-अडीच हजार लोक उरले आहेत. या भाषेचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे जुळलेले नाही. परदेशी पंडितांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले. जिल्ह्याच्या मराठी पुढाऱ्यांना मात्र तिचे नावही ठाऊक नसावे. रायगडातल्या कोर्लईत किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे ख्रिस्ती लोक पोर्तुगीज शब्दांची आणि मराठी वळणाची एक बोली बोलतात. पोर्तुगिजांनी 1740 मध्ये चौल सोडले, पण ती बोली मागे राहिली; आज तिचे बोलणारे हजाराच्या आतबाहेर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडत आलेल्या वडारांची तेलुगू वळणाची बोली, कैकाड्यांची द्राविडी बोली, यांना तर गावही नाही. पालाबरोबर भाषा हिंडते आणि पाल मोडले की तीही मोडते. बंजाऱ्यांची गोरमाटी जनगणनेत हिंदीच्या पोटात घातली जाते. दहा हजारांच्या आतील भाषांची नावे 1971 पासून ‘इतर’ या एका शब्दाखाली पुरली जातात, त्यामुळे निहाली शासनाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

मातृभाषेने पोट भरते काय, असा प्रश्न आदिवासी पालकच करतात, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. नोकरी, न्यायालय, बाजार सर्व मराठीत वा इंग्रजीत चालत असता गोंडीतच राहा असे त्यांना सांगणे म्हणजे त्यांना संग्रहालयात बसविणे होय. मराठी त्यांना यावयासच हवी. परंतु ती शिकावयाची वाट त्यांच्याच भाषेतून जाते. पहिली-दुसरीला गोंडी वा कोरकू बोलणारा शिक्षक, त्या भाषेतले वाचनपुस्तक आणि मग हळूहळू मराठी, ही व्यवस्था कोणत्याही अर्थसंकल्पाला जड नाही. त्याच गावची बारावी झालेली मुले-मुली बेकार बसली आहेत. त्यांना प्रशिक्षण देऊन नेमता येईल. अडते ते पैशापाशी नव्हे, बदल्या आणि भरती यांच्या राजकारणापाशी.

पुरोगामी चळवळीनेही थोडे स्वतःकडे पाहावे. मेळघाटात कुपोषणावर मोर्चे निघून कितीतरी वर्षे झाली, पण कोरकूत भाषण करू शकणारे बाहेरचे कार्यकर्ते किती? पत्रके मराठीत, घोषणा मराठीत, आणि दुभाषा म्हणून एखादा स्थानिक तरुण. साने गुरुजींची आंतरभारती मोठ्या साहित्यभाषांपाशी थांबावी असे कोठेही ठरलेले नव्हते. ती वाडी-पाड्यांपर्यंत गेली नाही एवढेच.

2027 च्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना आहे. प्रगणक बहुधा न विचारताच तेथे मराठी वा हिंदी लिहून मोकळा होतो, आणि दारात उभा असलेला मजूर संकोचाने मान डोलावतो. धारणी, चिखलदरा, एटापल्ली, जळगाव जामोद येथील कार्यकर्त्यांनी प्रगणनेच्या आधी पाड्यापाड्यांवर जाऊन हे समजावून द्यावे आणि बोलणारा सांगेल तेच भाषेचे नाव त्या रकान्यात उतरते की नाही, यावर नजर ठेवावी. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची नोंद मुक्कामाच्या ठिकाणी होईल. तेथल्या साथींना त्यांची यादी आधीच पाठवावी.