नासर्डीच्या पाण्यासाठी रसायनशास्त्र

या अंकाची शेवटची पाने लागत असतानाच, ८ ऑक्टोबरला, २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. क्योतोचे सुसुमु कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कलेचे ओमर याघी हे त्याचे मानकरी. कोपऱ्यांवर धातूचे अणू आणि त्यांना जोडणारे लांब सेंद्रिय रेणू, अशा पोकळ स्फटिकी चौकटी या तिघांनी घडवल्या. ‘मॉफ’ हे या चौकटींचे रूढ नाव. याघी यांच्या चौकटीची दोन-तीन ग्रॅम भुकटी घेतली, तर तिच्या आतल्या पोकळ्यांचा पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. अम्मानमध्ये निर्वासित कुटुंबात, पाण्याच्या टंचाईत वाढलेल्या याघींनी पुढे वाळवंटी हवेतून पाणी काढून दाखवले. नाशिककरांची गरज वेगळी आहे. आपल्याकडे पाणी आहे. ते नासते आहे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या परिसरातून येणारी नासर्डी, म्हणजेच नंदिनी, टाकळीला गोदावरीला मिळते. समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले ते याच संगमावर, असे परंपरा सांगते. गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडून उपाय मागवले गेले. तरीही खाली सायखेडा-चांदोरीपर्यंत पाणवेली माजतातच. त्याच प्रवाहावर पुढे नांदूरमध्यमेश्वरचे पाणथळ क्षेत्र आहे, २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ ठरलेले.

मैलाशुद्धीकरण केंद्रातले जीवाणू सेंद्रिय घाण खातात. रंग, कीटकनाशके, औषधांचे अंश यांतले बरेच काही मात्र त्यांना पचत नाही. असे चिवट रेणू फोडण्याचा मार्ग हेन्री फेंटन यांनी १८९४ सालीच दाखवला होता. लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात आणि ती समोर येईल तो सेंद्रिय रेणू तोडत सुटतात. पण त्यासाठी पाण्याचा सामू तीनच्या आसपास आणावा लागतो, आणि शेवटी लोहाचा गाळ उरतो तो वेगळाच. तेच लोह ‘मॉफ’च्या चौकटीच्या कोपऱ्यांत बसवले तर ते जागेवर राहते, इतक्या आम्लाची गरज उरत नाही, प्रकाशाची मदत घेता येते आणि उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो.

इथे एक सावधगिरी हवीच. असे प्रयोग पुष्कळदा शुद्ध पाण्यात एखादा रंग विरघळवून होतात. नाल्याच्या पाण्यात साबण, क्षार, माती सगळेच असते. मूलके त्यांच्यावरच खर्ची पडतात, छिद्रे बुजतात. काही चौकटी तर पाण्यातच मोडतात आणि धातू सोडतात. म्हणजे रोगापेक्षा औषध जड. शिवाय प्लेटिंगच्या कारखान्यांतले क्रोमियम, निकेल फोडून नष्ट होत नाहीत, ते पकडावेच लागतात. म्हणून माझे ठाम मत आहे की या तंत्राची जागा नदीत नाही. ती कारखान्याच्या आत, नाल्यात सांडपाणी सोडण्यापूर्वी आहे, जिथे पाणी थोडे आणि विष दाट असते.

२०१० साली एका वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपने आपली द्राक्षे अडवली. त्याची झळ निफाड-दिंडोरीला सांगायला नको. दहा लाख भागांत किती अंश, हा हिशेब आपण द्राक्षासाठी काटेकोरपणे ठेवतो. पाण्यासाठी का ठेवू नये? २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट आणि रस्ते होत आहेत, नवी मैलाशुद्धीकरण केंद्रेही होत आहेत. ती हवीतच. पण त्या केंद्रांना न पचणारे विष त्यांच्यापर्यंत पोचूच नये, याची काळजी उद्योगांनीच घ्यायला हवी.

केटीएचएम आणि आरवायके महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांना आमची विनंती आहे: यंदाच्या पदव्युत्तर प्रकल्पांसाठी पाण्याचे नमुने नासर्डीतून घ्या, आणि निष्कर्ष मराठीत लिहून आमच्याकडे पाठवा. ते छापण्यासाठी पुढच्या अंकात जागा राखून ठेवत आहोत.