अलास्का क्रूझ: बोट नको, नकाशा बघा

"मुलं बोअर होतील हो!" अलास्का क्रूझचा विषय निघाला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचं हे पहिलं वाक्य. मग शोध सुरू: कुठल्या बोटीवर गो-कार्ट, कुठल्या बोटीवर घसरगुंडी, वायफाय कसं. अहो, घसरगुंडीच हवी तर गावातलं वॉटरपार्क काय वाईट आहे?

आधी मार्ग बघा राव. सिएटलहून निघणाऱ्या बऱ्याच बोटी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हर शहरातून निघणाऱ्या सहसा आतून, बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून. शिवाय १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे सिएटलहून निघून तिथेच परतणाऱ्या परदेशी बोटीला एक तरी परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून व्हिक्टोरिया, तेही अनेकदा रात्रीचे चार तास! (भारतीय पासपोर्टवाल्यांनी कॅनडाच्या व्हिसाचं आधी बघून घ्या.)

आणि ग्लेशियर बे सोडू नका. तिथे दिवसाला जास्तीत जास्त २ मोठ्या क्रूझ बोटी सोडतात, पार्कचे रेंजर बोटीवर येऊन माहिती देतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरच्या लोकांना तिथे खाडी अशी जवळपास दिसलीच नाही, नुसता बर्फ. १८७९ मध्ये जॉन म्यूर पोचला तोवर तो ४५ किलोमीटरहून जास्त मागे हटला होता. शाळेत क्लायमेट चेंजवर प्रोजेक्ट करणाऱ्या पोराला हे दाखवायचं की गो-कार्ट?

कानात इअरफोन घातलेलं पोरगंसुद्धा बर्फाचा कडा कोसळला की मान वर करतं. आधी दिसतं, आवाज मागून येतो. दोन-तीन वर्षांत ते कॉलेजला जाईल, मग सुट्टी कुठे घालवायची हे तुम्हाला कोण विचारतंय?