जोडून सुट्टी आणि आम्ही दोघं

शाळेत असताना जूनमध्ये सुट्ट्यांची यादी आली की स्टाफरूममध्ये आधी काय पाहिलं जायचं, तर कुठली सुट्टी रविवारी येऊन बुडाली आणि कुठली शनिवारी-सोमवारी येऊन फळली! तेव्हा ‘लाँग वीकेंड’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. जोडून सुट्टी म्हणायचो. त्यात गाद्यांना ऊन दाखवायचं, राहिलेले पेपर तपासायचे आणि जमलंच तर भावाकडे एक रात्र राहून यायचं. संपली सुट्टी.

आता निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. मला काय, रोजच रविवार. तरी गंमत अशी की जोडून सुट्टीचा धसका मला नोकरीत असताना नव्हता तेवढा आता वाटायला लागलाय. कारण त्या तीन दिवसांत ‘आई-बाबांचं काय करायचं’ हा एक प्रश्न होऊन बसतो. एक तर आम्हाला बरोबर न्यायचं, नाहीतर आम्ही घर सांभाळायचं. तिसरं काही कुणाला सुचत नाही. (आम्हालाही सुचत नव्हतं, हे आधीच कबूल करते.)

२०२५ चा १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. मुलानं महिनाभर आधी कर्जतच्या बाजूला एक रिसॉर्ट ठरवलं. आम्ही दोघं, ते दोघं आणि नात. सून म्हणाली, “आई, तुम्ही नुसतं बसायचं, काही करायचं नाही.” तिच्या मनात चांगलंच होतं. पण मी लहानपणापासून झेंडावंदन चुकवलेलं नाही. निवृत्तीनंतरही दर वर्षी इस्त्रीची साडी नेसून शाळेत जाऊन मागच्या रांगेत उभी राहते. त्या दिवशी सव्वाआठ वाजता मी खंडाळ्याच्या घाटात, पुढे ट्रक, मागे बस, अशी गाडीत बसलेली होते. मनातल्या मनात राष्ट्रगीत म्हटलं. बसूनच.

पण खरी गोष्ट ती नाही. ह्यांना विचारून लिहिते आहे. ह्यांचं वय ऐंशी. तासाभरानं बाथरूमला जावंच लागतं. सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागते हे ठाऊक असल्यामुळे ह्यांनी आदल्या रात्री आठपासून पाणीच पिणं सोडलं होतं. सकाळी चहासुद्धा दोन घोट घेऊन बेसिनमध्ये ओतला. पन्नास वर्षं संसार केला, पण माझ्याही लक्षात आलं नाही. पोचायला अकरा वाजले. खोलीपर्यंत पायऱ्या होत्या, तिथे ह्यांना चक्कर आली आणि मटकन खालीच बसले. जवळचे डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, “काही विशेष नाही, पाणी कमी पडलंय. दिवसभर थोडं थोडं प्यायला द्या.” नातीच्या डोळ्यांत पाणी. मुलगा म्हणाला, “बाबा, सांगायचं ना! गाडी थांबवली असती.” हे म्हणाले, “घाटात कुठे थांबवणार होतास?”

दोघांचंही खरंच होतं.

पुढचे दोन दिवस पाऊस कोसळत होता. मी पोहण्याच्या तलावाशेजारी छत्राखाली बसून चार टॉवेल, तीन मोबाइल आणि एक चष्मा सांभाळला. जेवण उत्तम होतं, हे सांगायला हवं.

घरी आल्यावर मी बराच विचार केला. माझ्या मते नोकरी करणाऱ्यांनी तीन दिवस मिळाले की बाहेर पडावंच. सोमवार ते शुक्रवार त्यांचं जे होतं ते मी पाहते. पण आम्ही त्याच तीन दिवसांत का निघायचं? त्यांना ते तीनच दिवस आहेत आणि आमच्यापाशी मंगळवार आहे, बुधवार आहे! ज्याला सात दिवस मोकळे, त्यानं गर्दीच्याच दिवशी घाटात जाऊन बसायचं, हे गणित कुठल्याही इयत्तेत चुकीचंच ठरेल.

म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी आम्ही दोघंच स्वारगेटहून एसटीनं सासवडला गेलो. ऑगस्ट २०२२ पासून एसटीनं पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास दिला आहे. कंडक्टरनं आधार कार्डं पाहिली आणि “बसा आजी” म्हणाला. अंतर तीसेक किलोमीटर. दिवेघाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो, तो पाहण्यासाठी ह्यांना खिडकी दिली. सासवडला उतरल्यावर आधी ह्यांचं ते काम, मग चहा, मग बाकीचं. कुणी खोळंबलेलं नव्हतं. संगमेश्वराचं देऊळ कऱ्हा आणि चांबळी नदीच्या संगमावर आहे. पायऱ्या पाहून हे म्हणाले, “तू जाऊन ये, मी इथूनच नमस्कार करतो.” मी सावकाश जाऊन आले. अत्र्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘कऱ्हेचे पाणी’, तीच ही कऱ्हा. वर्गात किती वेळा त्यांचं नाव घेतलं असेन, पण नदीकाठी उभी राहिले ती पंचाहत्तरी उलटल्यावर! येताना सीताफळं घेतली. चार वाजता घरी. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखले, पण ते तसे घरी बसूनही दुखतातच.

आणि जोडून सुट्टीचे ते तीन दिवस? ते पुण्यातच काढावेत असं माझं मत झालंय. रस्ते त्यातल्या त्यात मोकळे असतात, रिक्षावालाही दोन शब्द बोलतो.

२०२६ ची २६ जानेवारी सोमवारी आली. त्या वेळी मुलगा आणि सून दोघंच मित्रमंडळींबरोबर गेले आणि नात आमच्याकडे राहिली. रविवारी तिला बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात नेलं. (२६ तारखेला माझं झेंडावंदन होतंच, ह्या वेळी तीही आली.) दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, लहानपणीच गेलेल्या आपल्या राजाच्या नावानं हे संग्रहालय उभं केलं. वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. सगळं पाहायचं नाही, हे घरूनच ठरवून निघालो. एक मजला, एक तास, मग बाकावर बसायचं.

तिथे काय झालं ते सांगते. रिसॉर्टमध्ये सगळं नातीला येत होतं, आम्हाला काही येत नव्हतं. नळ कसा सोडायचा, दाराला कार्ड कसं लावायचं, तीच शिकवायची. इथे उलट. “आजी, हे काय?” वज्री. टाचा घासायची. माझ्या आजीची पितळी होती, खाली घुंगरू होते. “आणि हे?” अडकित्ता. ह्यांनी लगेच मधलं बोट दाखवलं, लहानपणी अडकित्त्यात सापडलेलं, अजून खूण आहे! नातीनं ते बोट धरून नीट पाहिलं. आठ वर्षांत तिनं आजोबांना एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते. जिन्यावर तिनं ह्यांचा हात धरला होता. कोण कुणाला सांभाळत होतं, मला सांगता येणार नाही.

आमच्या वन्सं हे वाचतील, म्हणून त्यांचं म्हणणंही लिहिते. त्या फोनवर म्हणाल्या, “वहिनी, मुलं नेतात हेच नशीब. दोनदा नाही म्हणालात तर तिसऱ्यांदा विचारणार नाहीत.” हे बोलणं माझ्या मनात राहिलंय. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक बाई आहेत, दोन्ही मुलं परदेशात. जोडून सुट्टीत त्यांच्याकडे कामवालीही येत नाही आणि शेजारीही नसतात. त्या म्हणतात, मला तर घाटात अडकायलासुद्धा आवडेल. (त्यांना आता अशा सुट्टीत एकदा तरी जेवायला बोलावतो. नंतर बदामसात. त्या लबाडी करतात.)

तेव्हा वन्संना चूक कसं म्हणू? ऑगस्टमध्ये मीही ‘येते’ म्हणाले ते ह्याच भीतीनं. आणि ह्यांनी पाणी प्यायचं सोडलं तेही दुसऱ्या कशासाठी नाही. आपल्यामुळे गाडी थांबली तर पुढच्या वेळी नेणार नाहीत! मुलगा विचारत नाही अशी तक्रार मी बरेच दिवस करत होते. पण तो विचारायचा तेव्हा आम्ही काय सांगायचो? “तुम्ही ठरवाल ते.” वर्गात एखादा मुलगा असं उत्तर देता तर मी त्याला उभंच केलं असतं.

परवा मुलाचा फोन आला. यंदा १ मे शुक्रवारी आहे, काय करू या म्हणाला. मी सवयीनं तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाले, “सकाळी आईचं झेंडावंदन. मग ऊन तापायच्या आत सासवड, तुझ्या गाडीनं. तिथे मी ह्या वेळी संगमेश्वराच्या पायऱ्या चढून पाहणार आहे. आणि जाताना एकदा, येताना एकदा गाडी थांबवायची, जागा मी सांगीन.” पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण हे हसत होते.