होय, आम्ही मुंबई बघायला येतो!

दरवर्षी सहा डिसेंबर जवळ आला की गोदीत एक वाक्य ऐकू येतं. २०२५ लाही आलं. पाळी संपत आली होती, हातपाय धुऊन आम्ही चहाला बसलो होतो. एकजण म्हणाला, "आले तुमचे लोक. फुकट मुंबई बघायला."

म्हणणारा कुणी शेठ नव्हता. माझ्याच टोळीतला. त्याच्या न् माझ्या खांद्यावर एकाच गोणीचे वळ. मुकादम दोघांनाही एकाच शिवीनं हाक मारतो. मी नेहमीचं उत्तर दिलं, "बघायला नाय येत. बापाला वंदन करायला येतात." तो हसला. मी चहा संपवला न् निघालो.

त्या रात्री परभणीकडून ताई आली. दाजी न् दोन पोरं संगं. रे रोडच्या माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत आई धरून सहा माणसं. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कात उभं राहून रांगेतून चैत्यभूमीचं दर्शन झालं. दाजींनी ८० रुपयांची पुस्तकं घेतली. परत आल्यावर ताई म्हणाली, "भाऊ, एवढ्या लांब आलोय. पोरान्ला मुंबई दाव की."

मी खेकसलो. म्हटलं, "ताई, तू अभिवादनाला आलीस का सहलीला? लोक काय म्हणतील?"

ताई शांतपणे म्हणाली, "वरीसभर दुसऱ्याचा कापूस येचते. तवा कुणी इचारत न्हाई का गं आलीस. एक दिवस लेकरान्ला समुद्र दावला तर बाबासाहेब रागावतेत का?"

रात्रभर झोप नाही. माझ्या तोंडून कोण बोललं होतं? तो गोदीतलाच बोलला होता. त्याचं वाक्य मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडावर मारलं होतं. दोस्तांनो, व्यवस्था अशी घुसते. आपणच आपल्या दारातला पहारेकरी होतो.

सात तारखेला रविवार होता. खिशात ४०० रुपये. आईनं पहाटे भाकरी न् ठेचा बांधून दिला. रे रोडहून राणीच्या बागेपर्यंत पायी गेलो. बाग ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. पोरांनी पाटी वाचली न् पहिली शिट्टी तिथंच वाजली. आईबाप न् दोन पोरं अशा कुटुंबाला १०० रुपये तिकीट, माझे ५०. वाघ बघितला. पेंग्विन बघितले. भाचा म्हणाला, "मामा, याला ए.सी. हाय. तुझ्या खोलीत पंखाबी करकरतो." दाजी इतके हसले की रांगेतले लोक वळून बघायला लागले.

भायखळ्याहून सीएसएमटी, माणशी ५ रुपये. तिथून पुढं सगळं पायी न् सगळं फुकट. फोर्टात १९४६ साली निघालेलं सिद्धार्थ कॉलेज बाहेरून दाखवलं. जहांगीर आर्ट गॅलरीत घुसलो. ताई दारात चप्पल काढायला लागली. मी म्हटलं, "ताई, चप्पल घालूनच चल. हितं पैसे लागत न्हाईत न् जातबी लागत न्हाई." समोर एल्फिन्स्टन कॉलेज. याच कॉलेजातून बाबासाहेब बी.ए. झाले, हे सांगितलं तेव्हा भाची त्या दगडी भिंतीला हात लावून आली.

वाटेत एका काचेच्या दुकानापुढं सावलीला टेकलो, तर रखवालदार म्हणाला, "आगे चलो." तोही आपल्यासारखाच, गावाकडनं आलेला. आम्ही पुढं गेलो. गेट वे वर दाजींनी विचारलं, ही कमान कशाची? म्हटलं, इंग्रजांचा राजा १९११ ला इथं उतरला त्याची आठवण, १९२४ ला बांधून पुरी झाली. दाजी म्हणाले, "एक माणूस आला तर एवढी कमान. आपुन लाखानं येतो, तर टेसनावर दांडकं."

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर वडापाव खाल्ले. सूर्य बुडाला. ताई काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून बघत राहिली.

हिशोब मांडतो, कारण हिशोब मागणारे पुष्कळ आहेत. बाग १५०, जाताना-येताना रेल्वे ५०, वडापाव १००, चहा ३०, शेंगदाणे ४०. एकूण ३७०. पाच माणसं, एक अख्खा दिवस.

आता मुद्दा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा. ठराव कागदावर राहिला, म्हणून १९२७ ला महाडच्या तळ्यावर जावं लागलं. ते पाणी तहानेसाठी नव्हतं, हक्कासाठी होतं, हे आपण पोराबाळांना सांगतो. मग बाग, मैदान, गॅलरी, समुद्राचा कठडा हे काय आहे? तीही आजची सार्वजनिक तळीच आहेत. तिथं बसणं म्हणजे चैन न् मोर्चात चालणं तेवढी चळवळ, असं सांगणाऱ्या आपल्यातल्याही काही पुढाऱ्यांना मी विचारतो : माणूसपण फक्त रडण्यात न् लढण्यातच असतं काय? हसण्यात नसतं?

आज तळ्यावर सोवळ्याचा पहारा नाही. पहारा पैशाचा आहे. बेस्टचं किमान तिकीट ५ रुपये होतं, मे २०२५ पासून ते १० झालं. पाच माणसांना एकदा चढायचं तर ५० रुपये. म्हणून आम्ही दिवसभर पाय झिजवले. आणि माझा समुद्र? मी रे रोडला राहतो. पाणी हाकेवर आहे. पण मधे गोदीची भिंत. रोज त्या पाण्यावरच्या बोटी रिकाम्या करतो, पण पोरांना समुद्राच्या कठड्यावर बसवायला शहर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला नेलं. ज्यांच्या घामावर पूर्वेचा किनारा चालतो त्यांच्या दाराशी बसायला कठडा नाही. पश्चिमेला मात्र समुद्र बुजवून मोटारींचा रस्ता झाला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सहा तारखेला पाहुणे आले की त्यांना नुसतं जेवू घालून गाडीत बसवू नका. सात तारखेला शहर दाखवा. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक फळा लावा. फुकट काय, पाच रुपयांत काय, कुठली जागा कुठल्या वारी बंद, पाणी कुठं मिळतं, बायांसाठी संडास कुठं, हे खडूनं लिहा. जरूर पडेल तिथं भाडेवाढीविरुद्ध, भिंतीविरुद्ध बोंब मारा. पण आधी घरातल्या माणसांना घेऊन त्या कठड्यावर बसा.

सोमवारी पाळीवर गेलो. त्यानं विचारलं, "गेले का पाहुणे, मुंबई बघून?"

म्हटलं, "होय, बघून गेले. या शहराची गटारं आमच्या बापानं उपसली, गोण्या आम्ही उचलल्या. आपली वस्तू माणूस बघणारच. तूबी तुझ्या पोरांना ने. ३७० रुपये लागतात. वाट मी सांगतो."

तो गप्प झाला. मग चहाचे पैसे देता देता त्यानं हळूच विचारलं, "बाग कुठल्या वारी बंद असते रे?"

"बुधवारी," मी म्हटलं.