भेट आधी की देणे आधी?

आगमनकाळाचा पहिला रविवार उलटला की आमच्या धर्मग्रामांतील तरुण आईबापांच्या बोलण्यात एक प्रश्न दरवर्षी येतो : ज्यांच्या हाती मूल सोपवून आपण दिवसभर नोकरीला जातो, त्या पाळणाघरातील बाईंना आणि बालवाडीतील मावशींना नाताळात द्यावे तरी काय? आणि त्यापाठोपाठ, काहीशा संकोचाने, दुसरा प्रश्न : स्वस्तात काय देता येईल? वसईहून वा भाईंदरहून सकाळची लोकल धरणाऱ्या घरांचा खर्च डिसेंबरात किती ताणलेला असतो, हे आम्ही जाणतो. म्हणून या प्रश्नाची आम्ही टिंगल करणार नाही. तो उघडपणे विचारला जावा, असेच आमचे मत आहे. आमचे भांडण आहे ते या प्रश्नाला मिळणाऱ्या दोन ठरीव उत्तरांशी.

पहिले उत्तर प्रतिष्ठेचे. 'इतकी साधी वस्तू दिली तर त्यांना काय वाटेल?' असे म्हणत वर्गणी काढली जाते. माणशी आकडा ठरतो, भिंतीवरचे घड्याळ किंवा काचेच्या पेल्यांचा संच येतो आणि भेट देतानाचे छायाचित्र निघते. ज्या घरात मिळवता हात एकच आहे, त्या घराला ही वर्गणी झेपत नाही आणि नाकारताही येत नाही. संत निकोलस यांचा सण ६ डिसेंबरला येतो. चौथ्या शतकात मायरा येथे बिशप असलेल्या या संताविषयी एक आख्यायिका आहे. हुंड्याअभावी संकटात सापडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोने टाकले. अंधारात का? घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून. त्याच संताच्या नावाने चालत आलेल्या प्रथेत आज देणाऱ्याचा चेहरा छायाचित्रात नीट यावा याची काळजी घेतली जाते, याला काय म्हणावे?

दुसरे उत्तर अधिक गोड आहे आणि म्हणूनच अधिक धोक्याचे. 'वस्तूला महत्त्व नाही, भावनेला आहे.' या बोलाला आधार म्हणून मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट हमखास सांगितली जाते. पण ती गोष्ट सांगणाऱ्यांनी संत मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय थोडा आधीपासून वाचावा. त्या विधवेकडे शिष्यांचे लक्ष वेधण्याच्या अगदी आधी प्रभू येशूने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना खडसावले आहे. अल्प दानाचा गौरव आणि लुबाडणुकीचा धिक्कार ही दोन्ही वचने एकमेकांना लागून आली आहेत. आम्ही सोयीचे तेवढे उचलले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो हुकूमनामा प्रसृत केला, त्यात हा मुद्दा निःसंदिग्धपणे मांडला आहे. न्यायाने जे देणे लागते ते आधी चुकते करा. जे न्यायाने दुसऱ्याचेच आहे ते प्रीतिदान म्हणून पुढे करू नका, असा त्याचा आशय. नाताळच्या भेटीला ही कसोटी लावून पाहावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

लावून पाहू. पाळणाघराची फी ठरलेल्या तारखेला दिली जाते का? मे महिन्यात मूल आजोळी गेले म्हणून त्या महिन्याचे पैसे कापले जातात का? मूल आजोळी जाते, पण बाईंच्या घरची चूल महिनाभर बंद राहत नाही. लोकल रखडली आणि आई तासभर उशिरा पोहोचली, तर तो तास बाईंनी कोणाच्या खात्यावर लिहावा? त्यांची स्वतःची मुले त्या वेळी घरी वाट पाहत असतात. वर्षभर असे तास थकवायचे आणि २४ डिसेंबरला केकचा डबा पुढे करायचा, याला आम्ही भेट म्हणत नाही. ती थकबाकीवरची पावती आहे, आणि तीही अपुऱ्या रकमेची.

आपली भाषाही या कामी मदतीला धावते. 'मावशी' म्हटले की नाते जडते, आणि नाते जडले की हिशेब मागणे असभ्य ठरते. 'सेविका' म्हटले की काम ही सेवा होते, आणि सेवेला वेतन नसते; असते ते 'मानधन'. ज्या अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डी आणि कोसबाड येथे, म्हणजे आमच्याच आजच्या पालघर जिल्ह्यात, कष्टाने रुजवली, तिचे नाव घेऊन २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्या योजनेत सेविकेच्या मानधनातील केंद्राने ठरवलेली रक्कम ऑक्टोबर २०१८ मध्ये ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये झाली आणि मदतनीस बाईची १,५०० वरून २,२५०. राज्याची भर वेगळी, हे मान्य. तरीही हा आकडा वाचून ज्याला लाज वाटत नाही, त्याने भावनेच्या गोष्टी बोलू नयेत. या स्त्रियांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे मान्य होण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि निकाल एप्रिल २०२२ मध्ये लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा नाताळचा सणही त्यांनी संपातच काढला. त्या दिवसांत अंगणवाडीला कुलूप म्हणून कुरकुर ऐकू आली. त्या का बसल्या आहेत, हे विचारायला कितीजण गेले?

'सरकारचे सरकार पाहील, आमच्या हाती काय?' असा आक्षेप येईल. आमच्या हाती पुष्कळ आहे. धर्मग्रामांच्या आणि धार्मिक संस्थांच्या आवारांतही बालवाड्या चालतात. तिथल्या मदतनीस बाईंना महिन्याकाठी काय मिळते, आजारपणाची रजा भरपगारी असते का, हे पालकसभेत विचारण्यास कोणाची बंदी आहे? गव्हाणीपुढे गुडघे टेकणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला, तर सणाचे पावित्र्य भंगत नाही.

आता स्वस्त भेटींविषयी. देणे चुकते केल्यावर भेट कितीही लहान असली तरी चालते. मुलाच्या तळहाताला रंग लावून उमटवलेला ठसा आणि त्याखाली तारीख. पुढच्या वर्षी तो हात एवढा राहणार नाही, हे बाईंना आईइतकेच ठाऊक असते. घरच्या चाफ्याचे वा मोगऱ्याचे, जुन्या डब्यात लावलेले रोप. घरी केलेल्या कुलकुलांची पुडी. मात्र देण्याआधी विचारावे. आमच्या कित्येक बाई हिंदू आहेत आणि काही वर्षी मार्गशीर्षातले गुरुवार नाताळच्या आठवड्यातच येतात. त्या दिवशी अंडे घातलेला केक हाती देणे म्हणजे वर्षभर आपण त्यांच्याकडे पाहिलेच नाही, असे सांगण्यासारखे आहे.

याहून मोलाची भेट म्हणजे एक पत्र. 'आपले आभार' एवढ्यावर न थांबता नेमके लिहावे : आमची मुलगी चमच्याने जेवायला तुमच्याकडे शिकली; आजी गेल्यानंतरच्या आठवड्यात ती तुमच्याच मांडीवर झोपत होती. त्याची एक प्रत संस्थाचालकांना द्यावी. पगारवाढीची बोलणी निघतील तेव्हा काचेचे पेले कामी येणार नाहीत, हा कागद येईल. आणि ज्यांना एक रुपयाही खर्चणे शक्य नाही, त्यांनी २४ डिसेंबरला मुलाला दोन तास आधी घरी न्यावे. घरी लवकर परतण्याची मुभा ही पाळणाघरातील बाईंना क्वचितच मिळणारी वस्तू आहे.

एक गोष्ट विसरू नये. बाई मुलाला गाणे शिकवतात, म्हणून त्या पालकांना दिसतात. त्याचे ओले कपडे धुणारी, फरशी पुसणारी मदतनीस दिसत नाही. भेट एकच देता येणार असेल तर ती तिला द्यावी. बाईंना त्याचे वाईट वाटणार नाही.

तेव्हा वाचकांना आमची विनंती एवढीच : यंदा बाजारात जाण्यापूर्वी पाळणाघराचे खाते पाहावे. थकलेले महिने आणि थकलेले तास मोजावेत. ते फेडून हाती काहीच उरले नाही, तर रिकाम्या हाताने जाऊन बाईंना नाताळच्या शुभेच्छा द्याव्यात. त्यात कमीपणा काहीच नाही.