इंग्रजी शब्द पाठ करून घेऊ नका, उघडून दाखवा

पनवेलमध्ये नोकरी पाहिजे तर इंग्रजी पाहिजे, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. शेजारी जेएनपीटी, आजूबाजूला कंटेनर यार्ड, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ. याच पट्ट्यातल्या जमिनीसाठी १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्या घरांतल्या नातवंडांनी विमानतळावर फक्त ट्रॉल्या ढकलायच्या का? नसेल तर त्यांना इंग्रजी कसं शिकवलं जातं, यावर बोलायलाच हवं.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. म्हणजे मराठी शाळेतून दहावी झालेलं पोर दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरी पुन्हा पैसे भरून क्लास लावावा लागतो. तिथेही तेच. रोज वीस शब्द पाठ, स्पेलिंग दहा वेळा लिहा, परीक्षा झाली की विसरा.

इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टर हे शब्द उरण रोडवरच्या पाट्यांवर आणि ट्रकांवर पोरं रोज बघतात. लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे, एवढं एकदा सांगा. आत आणलं ते इम्पोर्ट, बाहेर नेलं ते एक्स्पोर्ट, पलीकडे नेलं ते ट्रान्सपोर्ट, वाहणारा तो पोर्टर. मग सपोर्ट म्हणजे खालून पेलणं, हे पोरगं स्वतःच सांगेल. टर्मिनल? मुळात 'टर्मिनस', म्हणजे शीव, हद्द. आणि अरायव्हल? त्याचं मूळ किनाऱ्याला लागणं! आगरी-कोळी घरातल्या मुलाला हा शब्द जन्मात विसरता येईल का?

मुख्य मुद्दा पुढे आहे. हे हत्यार मराठी मुलाच्या हातात आधीच आहे. मराठीच्या तासाला तो उपसर्ग शिकतो : गैरहजर, बेजबाबदार, अनपेक्षित, उपवास. शब्द फोडायचा कसा, हे त्याला माहीत असतं. घंटा होते, इंग्रजीचा तास सुरू होतो आणि तीच अक्कल बाजूला ठेवून पोपट व्हायला सांगतात. अहो, मराठी शिकायला बसलेल्या इंग्रजांसाठी मोल्सवर्थने कोश केला, त्याच्या १८५७ च्या आवृत्तीत शब्दापुढे संस्कृत, फारसी असं मूळ दिलंय. साहेबाला मूळ दाखवायचं आणि आपल्या पोराला घोकंपट्टी?

काही जण म्हणतील, आधी बोलायला येऊ दे, व्युत्पत्ती कसली काढता? बरोबर, बोलणं बोलूनच येतं. आणि प्रत्येक शब्द फोडून कळत नाही. 'अंडरस्टँड' फोडून काय हाती लागणार? पण अनोळखी शब्द समोर आला की घाबरायचं नाही, निदान अंदाज बांधायचा, हे बळ मुळांमधूनच मिळतं. इंटरव्ह्यूत तेच लागतं.

दुसरे म्हणजे आपले व्हॉट्सॲपवाले. त्यांच्या मते सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाली. नाही निघाली. दंत आणि डेंटल, नाम आणि नेम ही एका कुळातली भावंडं आहेत, आई-लेकरू नव्हे. विल्यम जोन्सने १७८६ मध्येच संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं होतं. खरं नातं एवढं भारी असताना खोटी फुशारकी कशाला?

मागणी साधी आहे. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत पाचवीपासून इंग्रजीच्या तासाची दहा मिनिटं शब्द फोडायला द्या. नवीन इमारत नको, टॅब नको, टेंडर तर नकोच. फळा, खडू आणि आधी स्वतः तयारी केलेला शिक्षक पुरे.

शाळेच्या पुढच्या पालकसभेत उठून एवढंच विचारा : आमच्या मुलाला या आठवड्यात कोणता शब्द उघडून दाखवलात?

पटलं तर पुढे पाठवा. नसेल पटत तर खाली भांडा, पण मुद्द्यावर.